बोडका खजूर

झावळ्या तोडायला फ्रज झाडावर चढला तेव्हा वारा वाळवंटाकडून येत होता. दातांत वाळू करकरत होती. खाली त्याची बायको मब्रूका कोयता घेऊन उभी होती. वरून झावळी सुटली की ती बाजूला सरायची, झावळी धप्पकन पडायची, आणि मग बुडाचे काटे सपासप उडवून ती तिला ढिगाकडे ओढत न्यायची. तिच्या मनगटांवर ओरखड्यांच्या बारीक रेघा उठल्या होत्या. घामाने त्या चुरचुरत होत्या.

"ही किती किरकोळ!" ती ओरडली. "ही समुद्रात उभी राहणार? पहिल्या लाटेलाच वाकून सलाम करेल."

"झाडानं दिली ती घ्यायची," फ्रज वरून म्हणाला.

"आईचीच बोली घेऊन झाडावर चढलास वाटतं."

फ्रजची आई, शल्बिया, भिंतीच्या सावलीत हलफ्याच्या चिवट गवताचा, मासे धरायचा पिंजरा विणत बसली होती. नात्याने ती मब्रूकाची आत्याच. डोळ्यांनी तिला आता फार दिसत नसे, पण बोटांना दिसत असे. तिने मान वर न करता देवाचे आभार मानले, "हम्दुल्लाह."

"बघ, म्हणालीच! आत्या, झावळी मोठी आली तरी हम्दुल्लाह, बारकी आली तरी हम्दुल्लाह. वर देवाला कळायचं तरी कसं, आपल्याला पाहिजे काय ते?"

"त्याला कळवायला नाही म्हणत गं मी. मला विसरायला होतं म्हणून म्हणते."

आमच्या बेटावर जमिनीसारखा समुद्रही घराघरात वाटलेला आहे. आजाकडून बापाकडे, बापाकडून पोराकडे येतो. पाणी उथळ. माणूस चालत चालत इतका आत जातो की किनाऱ्यावरचा कुत्रा मुंगीएवढा दिसू लागतो, आणि तरी पाणी छातीलाच असतं. उन्हाळा सरला की आपापल्या पाण्यात तळाशी झावळ्या रोवायच्या, एकीला लागून एक, लांबच्या लांब कूड घालायचा. ओहोटीबरोबर उतरणारे मासे त्या कुडाला अडतात, त्याच्या कडेकडेने जात राहतात, कुडाच्या अंगणात शिरतात आणि शेवटी कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात येऊन बसतात. झावळ्या वर्षातून एकदाच तोडायच्या. दुसऱ्यांदा हात लावला तर झाड मरतं. म्हणून अंगणात पडलेला तो ढीग म्हणजे फ्रजच्या घरचा सगळा हिवाळा होता.

यंदा ढीग लहानच होता. मागचा हिवाळा वाईट गेलेला. वादळाने कूड तर नेलाच, पाण्यातले जुने खुंटसुद्धा मुळापासून उपटून नेले. घरात पोरांना घालायला सातूची पेज आणि सुके अंजीर एवढंच उरलं होतं. तेव्हा वसंतात फ्रजने घरामागच्या एका खजुराचा शेंडा छाटून नीरा काढली आणि ती विकून घर चालवलं. ते झाड आता बोडकं उभं होतं. त्याच्या झावळ्या यंदा नव्हत्या. त्याच वसंतात दर्ग्यामागचा त्यांचा जुना, आजाच्या वेळेपासून बोडका असलेला खजूर वाऱ्याने आडवा झाला. फ्रजने त्याचं खोड उभं चिरून शेळीच्या छपराला घातलं. छप्पर छान झालं. शेळी खूश होती.

मब्रूकाच्या मनात मागच्या वर्षाचं आणखी एक शल्य होतं. कुडातला पहिला पिंजरा उचलला की त्यातलं आपण खायचं नाही, किनाऱ्यावर जो पहिला भेटेल त्याला द्यायचं, अशी चाल आहे. मागच्या वर्षी पहिला पिंजरा भरून आला, आणि किनाऱ्यावर भेटला मडकी विकणारा एक परगावचा फेरीवाला. शल्बियाने टोपली त्याच्या गाढवावर रिती केली. त्यानंतर वादळ आलं, नि दुसरा पिंजरा काही आला नाही.

"तो मडकीवाला अजून ढेकर देत असेल," झावळी ओढताना मब्रूका पुटपुटली.

"दे म्हणावं," शल्बिया म्हणाली.

झावळ्या होडीत रचून दोघं समुद्रावर गेली तेव्हा पाण्यावर दुधासारखी वाफ धरली होती. किनारा पुसट दिसत होता. फ्रजने काठीने होडी रेटत आत नेली आणि मागे वळून डोळे बारीक केले. बापाने शिकवलं होतं: सीदी अम्मारच्या दर्ग्याचा पांढरा घुमट बघायचा, आणि बोडका खजूर बघायचा, खजूर घुमटाच्या बरोबर मागे आला की तिथून आपलं पाणी सुरू. वाफेत घुमट दिसला. बोडका खजूरही दिसला. होडी आणखी थोडी डावीकडे घ्यावी लागली, एवढंच.

"मागच्या वर्षी इतकं डावीकडे होतं का रे?" मब्रूकाने विचारलं.

"समुद्र तिथंच असतो. माणसं हलतात."

"मग आपणच हललो असू."

"हलू नको, पहार दे."

तो पाण्यात उतरला. पहारीने तळाला भोक पाडायचं, झावळीचं बूड त्यात ठोसायचं, पायाने वाळू दाबायची, पुढची घ्यायची. कंबरेपासून खाली अंग गार, वर डोक्यावर ऊन. संध्याकाळपर्यंत बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतायची. मब्रूका होडीतून झावळ्या देई, आणि होडी रिकामी झाली की परकर खोचून स्वतःच पाण्यात उतरे. एकदा तिच्या टाचेत समुद्री काटेगोळा मोडला. फ्रजने तिला होडीच्या काठावर बसवून दातांनी एकेक काटा काढला.

"लग्नात एवढा जवळ आला नव्हतास," ती म्हणाली.

"लग्नात तुझ्या पायाला एवढी चव नव्हती."

काम चाललं तितके दिवस किनाऱ्याजवळच्या एका घराच्या गच्चीवर लाल टोपीचा एक ठिपका दिसे. ते जिलानीचं घर. जिलानीचं पाणी फ्रजच्या पाण्याला लागून. कधीकाळी वाऱ्याने वाहत आलेल्या एका पिंजऱ्यावरून दोन्ही घरांत बोलाचाली झाली होती, आणि तेव्हापासून सलाम-आलेकुमपलीकडे बोलणं नव्हतं. बायको वारली, पोरं फ्रान्सला कारखान्यात गेली, म्हातारा एकटा. गुडघे धरलेले. दिवसभर गच्चीवर चटई टाकून बसायचा.

"दृष्ट लावतोय बघ," मब्रूका म्हणाली. "सकाळपासून पापणी नाही हलवली."

पहिल्या दिवशी तर म्हाताऱ्याने उठून हातही वर केला होता, आणि मग काय वाटलं कोण जाणे, हळूच खाली घेतला. फ्रजनेही उगाच हात वर केला होता.

कूड उभा राहिला. शल्बियाने विणलेले पिंजरे कोपऱ्यांत बसले. फ्रज होडीत उभा राहून बघत होता. पाण्यातून वर आलेल्या झावळ्यांची रांग वाऱ्यावर सळसळत होती. अंगणात आता एकही झावळी उरली नव्हती.

शुक्रवारी नमाज संपली आणि फ्रज चपला शोधत होता, तेवढ्यात मालवाहू शिडाच्या होडीचा मालक ख्मैस याने त्याला मागून मिठी मारली आणि दोन्ही गालांचे मुके घेतले.

"वा रे पठ्ठ्या! बोललाही नाहीस कुणाला!"

"काय झालं?"

"आता विचारतो काय झालं! अरे, जिलानीकाका सांगताना रडत होता. त्याचा कूड घातलास म्हणे. न सांगता, न मागता. बायकोला घेऊन, स्वतःच्या झावळ्या घालून."

"कसला कूड?"

"ऐका!" ख्मैस सगळ्यांकडे वळला. "कसला कूड, म्हणतो! देणारा असावा तर असा. उजव्या हाताचं डाव्याला कळू देत नाही."

माणसं भोवती जमली. कुणी खांद्यावर थाप मारली, कुणी दुवा दिली. इमामसाहेबांनी त्याचा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही. फ्रज हसत होता, कारण सगळे हसत होते. मग त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं.

चपला हातात घेऊन तो अनवाणीच किनाऱ्यावर गेला. वाफ सरली होती, हवा काचेसारखी स्वच्छ होती. त्याने समुद्राकडे पाहिलं आणि मग वळून गावाकडे पाहिलं. घुमट जागेवर होता. दर्ग्यामागे, जिथे त्याच्या आजाच्या काळापासून बोडका खजूर होता, तिथे आभाळ होतं. आणि बरंच बाजूला, त्याच्या स्वतःच्या घरामागे, वसंतात त्याने स्वतःच्या हाताने बोडका केलेला खजूर उभा होता.

घरी येऊन तो शेळीच्या छपराखाली गेला आणि वर बघत उभा राहिला.

"काय बघतोस?" मब्रूकाने विचारलं.

"खूण," तो म्हणाला. "आपल्या पाण्याची खूण. शेळीच्या डोक्यावर आहे."

त्याने सगळं सांगितलं. मब्रूका ऐकत होती. तिचं तोंड हळूहळू उघडत गेलं. मग मागून एक आवाज आला. सुरुवातीला वाटलं शल्बियाला ठसका लागला. पण ती हसत होती. विणकाम मांडीवरून घरंगळलं, तिने एका हाताने कूस धरली.

"आत्या, हसू नको!"

"मी नाही गं. पोट हसतंय. स्वतःच झाड बोडकं केलं, स्वतःच त्याच्याकडे बघितलं... अन् वर इमामानं हात धरला..."

"जा आणि सांग सगळ्यांना," मब्रूका फ्रजला म्हणाली. "आत्ता जा."

"काय सांगू? स्वतःचं झाड ओळखलं नाही म्हणून? गावची पोरं मागे लागतील माझ्या."

"मग उपटून आण."

"रोवलेली झावळी उपटली की बुडात मोडते. तुला काय सांगायला पाहिजे?"

मब्रूका उंबऱ्यावर बसली. टाच अजून दुखत होती, तिने ती हातात धरली. "म्हणजे संपलं. त्या सावकाश मरणाऱ्या म्हाताऱ्याला फुकटचा कूड, आणि आपण परत सातूची पेज."

शल्बियाचं हसू थांबलं होतं. तिने चाचपून विणकाम उचललं.

"वरचा बघेल काय करायचं ते," ती म्हणाली.

"बघेल! मागच्या हिवाळ्यात कुठे होता तो?"

असं मब्रूका कधी बोलली नव्हती. फ्रजने मान खाली घातली. शल्बियाने गवताची काडी तोंडात धरून ओली केली, ओवली, ओढून घट्ट केली.

"इथंच होता," ती म्हणाली. "तू पेज ढवळत होतीस ना, स्वतःच्या वाटणीची पोरांच्या ताटात टाकून मला म्हणायचीस, आत्या, माझी झाकून ठेवलीय. मला दिसत नाही म्हणून तुला वाटायचं मला कळत नाही. चुलीपाशी तेव्हा आपण दोघीच नव्हतो, बाई. एवढंच मला ठाऊक आहे. पुढचं मला काही येत नाही."

मब्रूका उठली आणि शेळीला पाणी पाजायला गेली.

दोनच दिवसांनी जिलानीचा निरोप आला. भरती चांगली होऊन गेली आहे, पिंजरे उचलायला हवेत, आणि माझे गुडघे पाण्यात चालत नाहीत; एवढं केलंस तसं तेवढंही कर.

"बघ, आता हमाली पण," मब्रूका म्हणाली. पण ओढणी डोक्याला घट्ट बांधून ती होडीत चढून बसली होती.

पाणी सकाळचं, निवळ, तळाची वाळू दिसत होती. कुडाच्या अंगणात शिरताच फ्रजला पाण्यात सावल्या हलताना दिसल्या. त्याने वाकून पिंजऱ्याला हात घातला. पिंजरा हलेना.

"अडकला?"

"नाही. जड आहे. ये इकडे."

दोघांनी मिळून तो होडीच्या काठावर घेतला तेव्हा होडी एका अंगाला कलली. आत बोया होत्या, रुपेरी मासळी, गच्च, एकावर एक. पिंजऱ्याचं तोंड उघडताच त्या होडीच्या तळाशी उड्या मारू लागल्या. एकीने शेपटीने फाडकन मब्रूकाच्या गालावर मारलं. ती ओरडली, आणि मग हसायला लागली. मासे आपले नाहीत हे तिला ठाऊक होतं, पण हातांना ते कुठे ठाऊक असतं! हात भराभर मासे टोपलीत टाकत होते. फ्रजही हसत होता. दुसरा पिंजरा तसाच. तिसऱ्यात बोयांच्या खाली एक ऑक्टोपस बसला होता, तो फ्रजच्या दंडाला असा चिकटला की सोडवताना दोघांची दमछाक झाली.

"याला म्हण, आम्ही चुकून आलोय," मब्रूका म्हणाली. "मालक गच्चीवर आहे."

मालक गच्चीवर नव्हता. काठीवर भार टाकत कसाबसा तो किनाऱ्यापर्यंत आला होता आणि पालथ्या होडीवर बसला होता. त्यांनी टोपल्या उतरवल्या. जिलानीने वाकून एका माशाला बोट लावलं आणि कपाळाला लावलं.

"पहिला पिंजरा आहे," तो म्हणाला. "पहिला भेटेल त्याचा. मी इथं बसल्यापासून मला भेटलेली पहिली माणसं म्हणजे तुम्ही. उचला."

फ्रजचे हात लोंबत राहिले. त्याने मब्रूकाकडे पाहिलं. तिने नजर वळवली नाही.

"काका, थांबा," फ्रज म्हणाला. "मला हे घेता येत नाही. हा कूड मी तुमच्यासाठी नाही घातला. माझी खूण चुकली. मी माझ्या पाण्यात घालतोय असं समजून तुमच्या पाण्यात घातला. गाव काहीतरीच बोलतंय."

"मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"खूण चुकली ते. दर्ग्यामागचा खजूर पडला तो तुम्ही घेऊन गेलात, मी बघितलं होतं. पहिल्याच दिवशी तू माझ्या पाण्यात पहार घातलीस तेव्हा मी हाक मारायला उठलोही होतो. हात वर केला."

"मग हाक का नाही मारली?" मब्रूका पुढे आली. "आम्ही तिथं कातडी सोलून घेत होतो!"

जिलानीने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. म्हातारा लाजला होता.

"सांगतो, पण हसू नको, सूनबाई. उन्हाळाभर मी एकच मागत होतो. म्हणत होतो, देवा, पोरं येत नाहीत, गुडघे उठू देत नाहीत, माझा कूड कोण घालणार? आणि एका सकाळी चटईवर बसलो तर समोर कूड घालणं चाललंय. हाक मारायला तोंड उघडलं आणि वाटलं, म्हाताऱ्या, तू मागितलंस कुणाकडे? फ्रजकडे तर नव्हतं मागितलं. मग पाठवलेलं परत करणारा तू कोण?"

"आणि गावभर सांगत सुटलात ते?"

"ते मात्र माझं. म्हटलं, उद्या याच्या लक्षात आलं आणि उपटायला लागला तर? गावाने दुवा दिल्यावर कोण उपटतो?"

मब्रूका त्याच्याकडे बघत राहिली. मग ती वाळूत मट्‌कन खाली बसली आणि सासूसारखीच कूस धरून हसू लागली.

"लबाड म्हातारा!" ती म्हणाली. "आणि म्हणे रडत होता!"

"रडत होतो ते खरं होतं," जिलानी म्हणाला. मग फ्रजकडे वळला. "दोन्ही टोपल्या न्या. उद्यापासून अर्धं तुमचं, अर्धं माझं. पिंजरे तू उचलायचेस. आणि पोरा, माझ्या घरामागे गेला आहेस का इतक्यात? माझ्या खजुरांना मागच्या वर्षीही हात लागला नाही, यंदाही नाही. झावळ्या लोंबून भुईला टेकल्यात. माझे हात पोचत नाहीत, तुझ्याकडे झावळ्या नाहीत. हंगाम अजून गेलेला नाही."

त्या संध्याकाळी फ्रजच्या घरी सातूच्या वाफवलेल्या कुसकुसावर बोयांचं लाल कालवण होतं, आणि अंगणात जिलानी भिंतीला टेकून बसला होता. शल्बियाने त्याला विचारलं की कालवण तिखट आहे का. तो म्हणाला, डोळ्यांतून पाणी येतंय ते त्यामुळेच.

जिलानीच्या झावळ्या लांब निघाल्या, पुरुषभर उंचीच्या. फ्रज वर चढला की म्हातारा खालून सूचना करत राही, आणि मब्रूका म्हणे, "काका, झाड त्याला ओळखता येत नाही, तोडता येतं. तोडू द्या." हे आता ती सगळ्यांसमोर म्हणे. गावालाही खरं कळलं होतं. ख्मैस फ्रज दिसला की दोन्ही हात डोळ्यांवर धरून खजूर शोधल्यासारखं करी. पण झावळ्या वाहून न्यायला होडी त्याचीच आली, आणि भाडं विचारल्यावर तोच रागावला.

खुणेचा प्रश्न जिलानीनेच सोडवला. दर्ग्यामागे, पडलेल्या खजुराच्या खड्ड्यात त्याने एक लांब वासा उभा करवला, त्याच्या टोकाला आपली पांढरी चादर बांधली, आणि स्वतः खाली दगडावर बसून राहिला. समुद्रातून फ्रजने वळून पाहिलं. घुमटामागे चादर फडफडत होती.

"आता नीट बघ," मब्रूका म्हणाली. "दुसऱ्या कुणाची चादर वाळत नाही ना?"

फ्रजचा स्वतःचा कूड उशिरा झाला. इतरांच्या पिंजऱ्यांत हंगामाचे मोठे मासे येऊन गेले होते. पहिल्या ओहोटीला पिंजरे रिकामे, दुसऱ्याला रिकामे, नुसतं समुद्रगवत. घरी जिलानीच्या कुडातली अर्धी टोपली रोज येत होती, चुलीवर वास होता, तरी फ्रज खाली मानेनेच होडी बांधी. शल्बिया विचारी, "काय आलं?" तो म्हणे, "गवत." ती म्हणे, "हम्दुल्लाह."

मग एका सकाळी मब्रूकाने पिंजरा उचलला आणि तो हातात वळवळला. तिने तोंड उघडून आत पाहिलं. तळहाताएवढा एक मासा होता. एकच.

"फ्रज!" ती ओरडली, जणू व्हेल सापडला होता. "आला रे! आपल्या पाण्यात!"

फ्रज पाणी तुडवत आला. दोघांनी डोकी जुळवून पिंजऱ्यात पाहिलं. मासा तोंड उघडझाप करत होता.

"हम्दुल्लाह," मब्रूका म्हणाली. मग तिलाच ते ऐकू आल्यासारखं झालं, आणि तिने ओढणीच्या टोकाने तोंड पुसलं.

किनाऱ्याकडे होडी वळवली तर समोर पाण्यात कुणीतरी उभं होतं. पायघोळ झगा मांड्यांपर्यंत खोचून, काठी वाळूत रोवून, गुडघाभर पाण्यात जिलानी उभा होता. त्याच्यामागे कोरड्या वाळूवर शल्बियाही येऊन बसली होती.

"काका, गुडघे!" फ्रज ओरडला.

"गुडघ्यांचं राहू दे. पहिला भेटलेला मी आहे की नाही? मागे ती म्हातारी बसलीय, तिच्या आधी मी आहे. आण माझी टोपली."

मब्रूकाने तो मासा दोन्ही हातांत धरून, वाकून, त्याच्या ओंजळीत ठेवला. जिलानीने ओंजळीत पाहिलं, मग होडीत पाहिलं, मग परत ओंजळीत.

"एवढाच?"

"एवढाच."

"काय आलं?" वाळूवरून शल्बियाने विचारलं.

मब्रूका पाण्यात उतरली आणि हसत, पाणी उडवत तिच्याकडे धावत निघाली. "आत्या, तू नको म्हणू," ती लांबूनच ओरडली. "माझं म्हणून झालंय."